मेरिटची बॅच

भूकंपात बहिणीचं घर गेलं. पुनर्वसनाच्या गावात नवं मिळालं, शेत मात्र जुन्याच जागी राहिलं. काही वर्षांनी त्या शेतात खजूर लाव, असं मीच तिला सांगितलं. रोपं आमच्या प्रयोगशाळेतली, म्हणून ती निर्धास्त होती.

प्रयोगशाळा म्हणजे लातुरातल्या भाड्याच्या खोल्या. मी आणि माझा कॉलेजातला मित्र मिळून ती चालवायचो. खजुराच्या बुडाशी येणाऱ्या फुटव्याचा कोवळा गाभा कापून बाटलीत ठेवायचा, त्याचा गोळा वाढला की तुकडे करून पुढच्या बाटल्यांत घालायचे, त्यातून रोपं करायची. पण एकाच गोळ्याचे तुकडे फार काळ करत राहिलं, तर रोपं धडधाकट दिसतात आणि आतून बिघडलेली असतात. ते कळतं थेट फुलोरा आल्यावर. म्हणून जुना गोळा वेळेवर फेकायचा आणि नवा फुटवा घ्यायचा, असं आमचं ठरलं होतं.

मित्र क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा. सगळे त्याला सर म्हणत, मीही म्हणू लागलो. क्लासची सवय त्यानं बाटल्यांनाही लावली. झपाट्यानं वाढणाऱ्या बाटल्या वरच्या फळीवर, ती त्याची मेरिटची बॅच. मंद वाढणाऱ्या तो खुशाल फेकून द्यायचा. मला याची गंमत वाटायची. मी नांदेडला नोकरीला, सुट्टीलाच यायचो. मेरिटची बॅच जुनी झाली तेव्हा ती फेक, म्हणालो. पुढच्या खेपेला वरची फळी रिकामी होती.

बहिणीची झाडं फुलोऱ्यावर आली. नराच्या तुऱ्याच्या काड्या मादीच्या फुलोऱ्यात सुतळीनं कशा बांधायच्या, ते मी तिला दाखवलं. फळं धरली ती हरभऱ्याएवढी, बी नसलेली, तीन-तीन एकत्र चिकटलेली. आपलंच बांधायचं चुकलं, असं समजून तिनं पुढच्या हंगामात पुन्हा निगुतीनं बांधलं. पुन्हा तेच.

"माझ्या हातालाच गुण न्हाई बघ," ती म्हणाली.

मी एक घड घेऊन मित्राच्या क्लासवर गेलो. त्यानं घड पाहिला, दार लोटून घेतलं. मेरिटच्या बाटल्या त्यानं तेव्हा फेकल्या नव्हत्या, दुसऱ्या कपाटात हलवल्या होत्या; बहिणीची रोपं त्यातलीच.

"लई जोमात होती रे ती बॅच. फेकवली न्हाई. ताईला सांग, बांधायचंच चुकलं. तिला काय कळतंय?"

याच माणसानं ती रोपं स्वतः टेम्पोत भरून दिली होती, आणि तो तिच्या घरी जेवून गेला होता.

मी तसाच शेतावर गेलो आणि बहिणीला सगळं सांगितलं. चूक तुझ्या हाताची नव्हती, म्हणालो. ती बांधावर बसली.

"त्याचं सोड. मी त्याला कुठं वळखत होते? मी तुझ्याकडं बघून लावली."

मग ती उठली आणि फुलोऱ्यांना बांधलेल्या सुतळ्या एकेक करून सोडू लागली. मी मदतीला गेलो, तर नको म्हणाली.