साबणदाणीतला मासा

दिवाळीनंतरच्या पहिल्याच सोमवारी, सकाळच्या पाळीला, मिलनं टाळेबंदी करून माझ्या बाबांना कुलूपबंद फाटकाबाहेर उभं केलं. मग ते मिलच्या तलावावर गळ टाकू लागले.

महूच्या लष्करी छावणीतल्या एका फौजीनं त्यांना गळाला लावायचा मऊ प्लास्टिकचा नकली मासा दिला होता. साबणदाणीत प्लास्टर ओतून बाबांनी त्याचा साचा केला, पण प्लास्टरचे दोन थर सुटे व्हावेत म्हणून मध्ये तेल लावायचं विसरले. मासा आतच चिणला गेला.

आई म्हणाली, “घ्या, दिली समाधी! अगरबत्ती लावू का?”

कुलूप लागल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले. मग साबणाचा मासा कोरून त्यांनी नवा साचा केला. त्यात प्लास्टिक ओतून केलेले मासे गळाला लावून मिलमधल्या बाबांच्या खात्यातले सगळे कामगार संध्याकाळी तलावाकाठी बसायचे.

तोच तलाव आता ‘पडीक जागा’ म्हणून बुजवताहेत. रविवारी सकाळी तलावावर या आणि डंपरसमोर उभे राहा.