भिंतीमागचा तेरडा

मावशीसमोर ‘तण’ म्हणायची सोय नव्हती. “नाव ठावं न्हाय म्हनून तण का? इचारायचं!” असं ती फटकारायची. अंजूरच्या आमच्या गोदामांच्या आवारात मी सुपरवायझर होतो आणि ती बागेत ड्युटीला. त्या जागेवर पूर्वी तिच्या सासऱ्यांची भातशेती होती. तक्रारीच्या सुरात ती हे कधी बोलली नाही. “हितं आमचं खळं व्हतं,” एवढंच, तेही झाडता झाडता.

फाटकाजवळ मालकांनी लॉन आणि पाम लावले होते. टँकरचं पाणी पिऊनही ते मे महिन्यात पिवळे पडत. मावशी त्यांना नेमानं पाणी घालायची, पण तिचा जीव मागच्या भिंतीलगतच्या पट्ट्यात. तिथं तिनं काही लावलं नव्हतं. फक्त कुणाला उपटू दिलं नव्हतं. भाद्रपदात तेरडा गुलाबी व्हायचा, कवला पिवळा, कुर्डूला तुरे यायचे आणि तारेच्या कुंपणावर कळलावी चढायची. ट्रकवाले तिथं डबा खायला बसत. गौरीसाठी गावातल्या बायका तेरडा न्यायला आल्या की मावशी मुळासकट काढून द्यायची, पण थोडा हटकून राखायची. “ह्यो बियाला.”

एकदा मी त्या पट्ट्याचे फोटो मालकांना पाठवले. लगेच फोन आला. “आयडिया कुणाची?”

“माझीच, सर.”

मावशी चार पावलांवर पाइप धरून उभी होती.

मग मुंबईहून एक लँडस्केपवाले आले. रानफुलांची बाग करायचं ठरलं आणि त्यासाठी आधी जेसीबी बोलावला. जुनी माती खरवडून वर लाल माती टाकायची होती. मावशी धावत माझ्या केबिनमध्ये आली. “साहेब, बी त्याच मातीत हाय. वरची वीतभर माती तरी बाजूला ठेवाया सांगा.”

“त्यांना कळतं, मावशी,” मी नकाशावरून नजर न उचलता म्हणालो.

माती खाडीकडच्या भरावात गेली. बागेचं काम नव्या कंत्राटदाराकडे गेलं, त्यानं आपली माणसं आणली आणि मावशीची ड्युटी संपली. जाताना ती एवढंच म्हणाली, “फोटू मातर झ्याक काढलाव.”

पुढच्या पावसाळ्यात नर्सरीतली रोपं पाणी साचून कुजली. नावांच्या पाट्या तेवढ्या उभ्या राहिल्या. मालक चिडले, तेव्हा मी तिचं घर शोधत गावात गेलो. ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

“माफी मागाया आलाव का कामाला बोलवाया?”

दोन्ही म्हणता आलं असतं. “कामाला,” मी म्हणालो.

तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

गेल्या वर्षी ती वारली. मला ते दहाव्याच्याही नंतर, वॉचमनच्या बोलण्यातून कळलं.