क्रुमची काळी चौकट

ओग्न्यानानं खरवडायची पत्री कागदाच्या कोपऱ्याखाली घातली आणि जोर लावला. कोपरा नखाएवढा सुटला, बाकी कागद बेकरीच्या दाराला घट्ट. खळ तिनं स्वतःच शिजवली होती, त्यामुळे शिव्या द्यायच्या तरी कुणाला. पुन्हा पत्री घातली, तेवढ्यात पाठीत काहीतरी बसलं. वळून बघते तर त्सोंका म्हातारी, हातात कांद्याच्या पातीची जुडी.

"मेलेल्याचा कागद फाडतेस, सटवे?"

"आजी, तो मेलेला नाही."

"चौकट आहे, क्रूस आहे, फोटो आहे. अजून काय मरायचं राहिलंय त्याचं?"

"खाली बारीक अक्षरात वाचा ना. बँड मेलाय. गाणाऱ्यांचा बँड."

"बारीक अक्षरं वाचायला मी काय वकील आहे? हो बाजूला."

बेकरीवाला बाहेर आला. त्याच्या मागून चीजची पापुद्रेदार बानित्सा खात दोन गिऱ्हाइकं आली. त्सोंका म्हातारीनं त्यांना सगळं सांगितलं आणि सांगताना जुडी हवेत फिरवत राहिली. बेकरीवाल्यानं कागदावरच्या फोटोकडे बघून टोपी काढली. "चांगला माणूस होता," तो म्हणाला, "माझं मशीन त्यानंच केलं होतं."

"होता नाही, आहे," ओग्न्याना म्हणाली.

"हो पोरी. आपल्या मनात आहेच तो."

ओग्न्यानानं पत्री खिशात घातली आणि निघाली. चाळीस कागद लावले होते. सकाळपासून निघाले तीन, तेही बसथांब्यावर कुणी नव्हतं म्हणून. वेलिको तिर्नोवोत कुणी गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारोदार लागतो, आणि तो कागद माणूस काढत नाही. पाऊस काढतो, ऊन काढतं, नाहीतर त्याच्यावर दुसरा मेलेला येतो. हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. दोन वर्षांत तिनं असे तीनेक हजार कागद जुळवले होते.

दहावीत असताना रसायनाच्या बाईंनी तिला विचारलं, खिडकीबाहेर काय आहे. ओग्न्याना म्हणाली, बाहेर आहे तेवढं पुरे, आणि दप्तर उचलून जी गेली ती परत आली नाही. आईनं महिनाभर आदळआपट केली आणि मग तिला स्तोयांका मावशीच्या छापखान्यात नेऊन बसवलं. छापखाना म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीला लावलेले आठ नमुने. लग्नपत्रिका कधीतरी. बाकी सगळे मेलेले. फोटो वर, नाव मोठं, वय त्याखाली, मग दोन ओळी दुःख. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे वर्षाला एक. पोरीचा हात बसला. गर्दीच्या रस्त्यावरून चालता चालता माणसाला काय वाचता येतं आणि काय येत नाही, हे तिला कुठल्याही शाळेपेक्षा चांगलं कळायला लागलं.

मग एक दिवस रादोस्तिन आला. विद्यापीठात भाषा शिकणारा, लांब केसांचा, खांदे पाडून चालणारा. काखेत मासिकाचा कच्चा अंक. मासिकाचं नाव 'कत्रान', म्हणजे डांबर. विषय एकच, डूम. मेटलमधला सगळ्यात सुस्त प्रकार. एकेक गाणं चौदा मिनिटांचं, आणि त्यात घडतं काय तर एकाच सुरावर गिटार वाजवणाऱ्याला दम लागतो. गावात हे ऐकणारे एकतीस जण होते, सगळ्यांना नावानिशी माहीत असलेले. बाकी देशभरातून पत्रं पाठवणारे अजून साठेक.

ओग्न्यानानं पानं उलटली. पानभर बारीक मजकूर, कोपऱ्यात कवट्या.

"हे काय केलंयस?"

"का? नऊ पानांचा लेख आहे. सविस्तर."

"गाण्यात चार मिनिटं एकच सूर चालतो आणि तू पानावर मुंग्या सोडल्यायस. अरे, वाचणाऱ्याला पण जड वाटलं पाहिजे ना."

"तू डूम ऐकतेस?"

"रोज. क्रुमच्या गॅरेजमध्ये."

रादोस्तिनचे खांदे पहिल्यांदाच जागेवर आले. कारण क्रुम रादेव म्हणजे 'ओलोवो', म्हणजे शिसं, या बँडचा गायक, आणि त्या एकतीस जणांसाठी त्याच्या वर फक्त देव, तोही थोडाच. इतर वेळी क्रुम धुलाईची मशिनं दुरुस्त करायचा. ओग्न्यानानं शाळा सोडली तेव्हा ओळखीतल्या प्रत्येक मोठ्या माणसानं तिला अक्कल शिकवली होती. एकटा क्रुम म्हणाला होता, "बस त्या मशीनवर, पण स्विचला हात लावू नकोस." तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस ती त्या मशीनवर बसून तालीम ऐकायची. क्रुमला कुणी नाव ठेवलं तर ती अंगावर जायची. एकदा खरंच गेली होती, आणि त्या माणसानं नंतर दाढेवर चांदी बसवून घेतली.

तर 'कत्रान' ओग्न्यानाच्या हातात आलं. कवट्या गेल्या. मजकुराचे उभे गठ्ठे गेले. तिनं एकेका पानावर एकेक ओळ टाकली, आजूबाजूला काळं. रादोस्तिन रडकुंडीला आला, म्हणाला, "माझी नऊ पानं कुठं गेली?" ती म्हणाली, "दीड पानाचा मजकूर राहिलाय. बाकी तू स्वतःलाच समजावत होतास." तिसरा अंक आला तेव्हा साठातल्या चाळीस जणांनी पत्र लिहिलं की, पहिल्यांदा वाचताना गाणं ऐकू आलं. रादोस्तिननं पुन्हा मुंग्यांचं नाव काढलं नाही.

आणि मग 'ओलोवो' मोडला. बेस वाजवणारा स्पेनला स्ट्रॉबेरी तोडायला गेला, ड्रमवाल्यानं लग्न केलं. क्रुमनं गॅरेजचं दार उघडं ठेवलं, पण आत नुसती मशिनं वाजायला लागली. चौथा अंक पूर्ण 'ओलोवो'वर काढायचा ठरलं, मधे क्रुमची मोठी मुलाखत. जाहिरातीसाठी कागद लावायचे होते.

"बँड मेला तर मेल्यासारखाच कागद काढू," ओग्न्याना म्हणाली. "हा नमुना सगळ्या देशाला वाचता येतो, अगदी बसमधून."

तिनं क्रुमकडून फोटो घेतला. त्याच्याकडे टाय घातलेला एकच फोटो होता, शाळा संपतानाचा. तो लंबगोलात बसवला. वर 'दुःखद बातमी'. खाली ठळक अक्षरात 'क्रुम रादेव'. त्याखाली बारीक, 'याचा बँड ओलोवो सहा वर्षं जड वाजून आपल्यातून गेला. आठवणी कत्रानच्या चौथ्या अंकात.' नमुन्यात नाव सगळ्यात मोठं असतं, म्हणून तिनं मोठं ठेवलं. हात बसलेला होता ना. गुरुवारी दुपारी ती आणि रादोस्तिन चाळीस कागद लावून आले. काम फार देखणं झालं होतं.

शुक्रवारी सकाळी क्रुम छापखान्यात आला तेव्हा स्तोयांका मावशी गिऱ्हाइकाला चौकटी दाखवत होती. तिनं क्रुमकडे बघितलं आणि ती कॉफी आणायला निघून गेली.

"मी मेलो म्हणे," क्रुम म्हणाला.

"बँड मेलाय. लिहिलंय खाली."

"आठ वाजता एका बाईकडे गेलो, तिची मोटर परत द्यायला. तिनं दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. आतून म्हणते, देव तुला क्षमा करो, मोटर पायरीवर ठेव."

ओग्न्यानाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं, पण उशिरा.

"हस. मावसभावानं फुलं पाठवलीत. मोजली मी. सहा. सम आकडा मेलेल्यांचा, जिवंत माणसाला कुणी सहा फुलं देतं का?"

"क्रुम, मी काढते सगळे."

"ऐक नीट. ब्रानेवोत माझी आई एकटी असते. वय अठ्ठ्याहत्तर. तिच्या कानावर हे गेलं तर मुलाखत विसर, आणि माझ्या गॅरेजची पायरी परत चढू नकोस. ते मशीन पण देऊन टाकीन मी."

कुठलं मशीन ते सांगायची गरज नव्हती. ओग्न्यानानं पत्री उचलली.

दुपारपर्यंत निघाले तीन. त्सोंका म्हातारीचा मार खाऊन ती गॅरेजवर गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"काढू देत नाहीत रे. शहरभर तुझ्यावर पहारा बसलाय."

"आईला तीनदा फोन केला. उचलत नाही." क्रुमनं गाडीची किल्ली हातात घेतली होती. "बस गाडीत. तुझ्या तोंडानं सांगायचंस तिला."

ब्रानेवो पंचवीस किलोमीटर. मागे मशिनांचे पाइप खडखडत होते. गाव आलं, गल्ली आली, आणि क्रुमनं इतक्या जोरात ब्रेक मारला की, एक पाइप पुढे येऊन ओग्न्यानाच्या मानेला लागला.

आईच्या फाटकावर कागद होता. टाय घातलेला क्रुम, काळ्या चौकटीत.

"इथं पण लावलात?"

"आईशप्पथ, मी नाही. रादोस्तिननं लावला असणार. मारून टाकते मी त्याला."

पण ती जवळ गेली तेव्हा धंद्याची नजर मधे आलीच. कागद ओळंब्यात होता. चारी कोपरे बसलेले, कुठं बुडबुडा नाही. रादोस्तिनला आयुष्यात सरळ कागद लावता आला नव्हता.

अंगणात टेबल मांडलेलं. चार शेजारणी खुर्च्यांवर. मधे मेलेल्याच्या नावानं वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची परात, वर साखरेचा जाड थर आणि अक्रोडाचा क्रूस. क्रुमची आई, गिंका म्हातारी, डोक्याला काळा रुमाल बांधून हातात पळी घेऊन उभी. क्रुम फाटकात आला तशी एक शेजारीण उठून उभी राहिली, दुसरीनं छातीवर क्रूस काढला. गिंका म्हातारी हलली नाही.

"आलास?" ती म्हणाली. "उशीर केलास. तुझा पहिला घास वाटून झाला."

"आई, मी जिवंत आहे."

"कशावरून?"

क्रुमनं ओग्न्यानाकडे बघितलं.

"आजी, चूक माझी आहे," ओग्न्याना म्हणाली. "मी जुळवला तो कागद. नाव फार मोठं झालं. मेलाय तो बँड. हा चांगला आहे, सकाळी पण कामावर गेला होता."

"तू गप बस पोरी, तुझं काम नीट आहे. मी ह्याला विचारतेय." म्हातारीनं पळी मुलाकडे रोखली. "तीन वर्षं पायरी चढला नाही. फोनवर म्हणतो, येतो आई, पुढच्या रविवारी. अख्ख्या तिर्नोवोची मशिनं धुतात, आणि ह्याची आई हौदावर चादरी आपटते. असा मुलगा कुठल्या तोंडानं जिवंत म्हणायचा?"

"मशीन बंद आहे?"

"तू गेलास त्या इस्टरपासून."

शेजारणींपैकी एक हसली आणि तिनं खोकल्याचं सोंग केलं. क्रुम खाली बसला. म्हातारीनं त्याच्यासमोर बशी आदळली. "खा. स्वतःच्या नावानं खा."

क्रुमनं खाल्लं. दोनदा घेतलं, कारण सकाळपासून पोटात काही नव्हतं. मग उठला, गाडीतून पेटी काढली आणि न्हाणीत गेला. ओग्न्यानानं बॅटरी धरली. मशीनचा पट्टा तुटला होता, नळीत उंदराचं घर. क्रुम पालथा पडून आत हात घालत होता आणि त्याच्या तोंडून हळूहळू एक खर्जातला सूर निघायला लागला, तालमीत निघायचा तसा. चार मिनिटं तोच एक. बाहेर शेजारणींनी माना वळवल्या.

"हा असा कण्हतो का?" एकीनं विचारलं.

"गातोय," गिंका म्हातारी म्हणाली. "ह्याचंच मासिक निघतं."

संध्याकाळी मशीन चाललं. म्हातारीनं पहिल्यांदा आत काय टाकलं तर डोक्यावरचा काळा रुमाल. निघताना क्रुम फाटकाशी थांबला. ओग्न्यानानं पत्री काढली, तर म्हातारी ओसरीवरून म्हणाली, "हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी नाही आला तर परत कुठं शोधत बसू?"

गाडीत क्रुम म्हणाला, "मुलाखत मंगळवारी. आणि माझं नाव बारीक टाक."

"किती बारीक?"

"वकिलाला वाचता येईल एवढं."

चौथा अंक निघाला. मुलाखत बावीस पानांची, प्रत्येक पानावर एक उत्तर, आणि शेवटच्या पानावर नुसता धुलाईच्या मशीनचा पट्टा, खऱ्या मापाचा. डूम ऐकणाऱ्या एकतीस जणांच्या गावात तो ऐंशी जणांनी नेला. उरलेले कोण होते ते दारावरच कळायचं, कारण ते अंक घेताना टोपी काढायचे. रादोस्तिनशी ओग्न्याना दोन आठवडे बोलली नाही. तो शपथा घेत राहिला की, ब्रानेवो कुठल्या दिशेला आहे हेही त्याला माहीत नाही. ती म्हणायची, खोटं बोलतोस आणि वर कागद माझ्यापेक्षा सरळ लावतोस.

खरं कळलं ते दोन वर्षांनी, स्तोयांका मावशी छापखाना विकून मुलीकडे राहायला निघाली तेव्हा. सामान भरताना तोंड बंद ठेवण्याबद्दल मिळालेली भाजलेल्या मिरच्यांची बरणी निघाली, आणि मावशी म्हणाली, आता सांगायला हरकत नाही. त्या गुरुवारी दुपारी ओग्न्याना खळीचा डबा घेऊन बाहेर होती, तेव्हा नवऱ्याच्या वर्षाचा कागद काढायला एक म्हातारी ब्रानेवोहून आली होती. तिनं टेबलावर उरलेला गठ्ठा बघितला, चष्मा लावला, बारीक अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि पोट धरून हसली. मग म्हणाली, ह्यातला एक मला दे, सुरकुती नसलेला, आणि खळीत पीठ किती घालायचं तेवढं सांग.