कपबशीचं घड्याळ

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचाच राग येतो आणि मग डोळे भरून येतात. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतली प्रेतं वर काढली. त्यातलं बरंचसं आता विसरलो. विसरता आलं नाही ते एक पांढरं मनगटी घड्याळ. नाव मी कुणाचंच सांगणार नाही. ती माणसं आपापल्या घरी सुखात आहेत, तशीच असू द्यावीत.

नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सगळा कोरडवाहू मुलूख. बांधाची भांडणं, चोरीला गेलेल्या शेळ्या, यात्रेतली मारामारी, असंच काम असायचं. त्या वर्षी पाऊस बरा झाला आणि हद्दीतल्या एका गावानं श्रमदानातून बांधलेला पाझर तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला. तो बघायला परदेशातून एक बाई आल्या. साठीच्या, उंच, उन्हानं लालबुंद झालेल्या. पाण्याच्या इंजिनिअर. निम्मं आयुष्य त्यांनी उष्ण देशांतच काढलेलं. ते घड्याळ त्यांच्या डाव्या हातात होतं.

बंदोबस्ताला मी स्वतः हजर होतो. ऑक्टोबरचं ऊन असं की माझ्या स्टीलच्या घड्याळाचा मनगटाला चटका बसत होता. बाई मात्र आपलं घड्याळ गावच्या बायकांच्या गालाला लावून दाखवत होत्या, बघा, कसं गार आहे! तबकडी पांढरी, पट्टाही पांढरा. भट्टीत भाजलेल्या कसल्याशा खास मातीचं होतं ते. उन्हात तापत नाही, घामानं खाज सुटत नाही, ओरखडा उठत नाही. बाईंनी बांधावरचा दगड उचलून पट्ट्यावर खसाखसा घासून दाखवला. काही झालं नाही.

"आगं, ही तर कपबशी हाय हाताला बांधल्याली!" गावातली एक बाई म्हणाली, आणि तासाभरात गावभर त्याचं नाव 'कपबशीचं घड्याळ' पडलं.

बाईंचं बोलणं मराठीत सांगत होती ती गावातलीच एक मुलगी. बावीस-तेवीस वर्षांची. बौद्ध कुटुंबातली; वडील एसटीत कंडक्टर. न अडखळता इंग्रजी बोलणारी गावात ती एकटीच. डी.एड. होऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती. कामावर हजर व्हायला एकच कागद अडला होता, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो अर्ज माझ्या टेबलावरच पडून होता.

जलपूजन झालं. पाहुणी बाई, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? बायकांनी ओटी भरायचं ठरवलं. नवरा आहे ना, हे आधी मुलीकडून विचारून घेतलं. बाई हसून म्हणाल्या, "आहे, घरी कुत्रा सांभाळत बसलाय." मग काय, पँटवरूनच त्यांना हिरवी साडी गुंडाळली, कासाराला पुढं बसवलं. बांगड्या भरायच्या म्हणून मुलीनं बाईंच्या हातातलं घड्याळ काढलं. बांगड्या झाल्या, गावातल्या सगळ्यात थोरल्या आजींनी पाच ओंजळी ओटी भरली, नव्या टॉवेलात तिचं गाठोडं बांधून दिलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, गाडी तालुक्याच्या विश्रामगृहाकडं गेली.

संध्याकाळी हात धुताना बाईंच्या लक्षात आलं, घड्याळ नाही.

त्या स्वतः म्हणत होत्या, जाऊ द्या, कुठंतरी पडलं असेल. पण त्यांच्याबरोबरचे अधिकारी ठाण्यात येऊन बसले. परदेशी पाहुणी, देशाची अब्रू, वर काय उत्तर देऊ, वगैरे. फिर्याद त्यांनीच दिली. चोरीचा गुन्हा दाखल झाला, कलम तीनशे एकोणऐंशी. बाई सकाळी नगरला गेल्या. तिथं त्यांचा चार-पाच दिवसांचा मुक्काम होता. माझ्या हवालदारानं विश्रामगृहाची खोली आणि स्वयंपाकघर झाडून तपासलं, गाडीच्या सीटखाली हात घातला, कासाराची पेटी उपसली. काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी खबर आली. गावातलाच एक जण चहाच्या टपरीवर हवालदाराच्या कानाशी लागला, "घड्याळ शेवटी कुनाच्या हातात हुतं ते इचारा की. त्या कंडक्टरच्या पोरीच्या."

खबर खोटी नव्हती. तसल्याच खबरीची भीती बाळगावी. धादांत खोटं दोन प्रश्नांत उघडं पडतं. अर्धं खरं मात्र तपासलं की खरंच निघतं, आणि आपण उरलेल्या अर्ध्याचा विचारच सोडून देतो.

बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, तिला ठाण्यात बोलवायचं नाही, हा कायदा मला पाठ होता. तरी मी जीप पाठवली. म्हटलं, पाच मिनिटांचं काम. जीप भरदुपारी गावच्या पारापाशी थांबली आणि मुलगी सगळ्यांच्या देखत मागं बसली. आजींनी ओटी भरली, त्यांना आणायला जीप गेली नाही. कासाराचीसुद्धा पेटी तेवढी तपासली, त्याला कुणी आणलं नाही. आणलं तिला. का, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, पण मी ते स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही.

ती समोर बसली. आवाज कापत नव्हता, हात मात्र मांडीवर घट्ट धरलेले.

"घड्याळ तू काढलंस?"

"हो."

"कुठं ठेवलंस?"

"तांदळाच्या ताटात. जमिनीवर कसं ठेवणार? शेजारी ताट होतं, त्याच्यात ठेवलं. तेवढ्यात सरपंचांनी त्यांचं पुढचं भाषण समजावून द्यायला हाक मारली, म्हणून उठले."

"ताट आजींपुढं होतं. त्या म्हणतात, मला काही दिसलं नाही."

"मग नसेल दिसलं," ती म्हणाली. "पण मी ठेवलं."

तेवढ्यात तिचे वडील आले. ड्युटीवरून तसेच, अंगावर खाकी गणवेश, गळ्यात तिकिटांची पेटी. दारातूनच म्हणाले, "सायेब, खाकी माझ्याबी अंगावर हाय. गाडीत ऱ्हायल्याली पिशवी डेपोत जमा केल्याबिगर म्या कधी घरी गेलो न्हाई. ही पोर त्या घरातली हाय."

"मग घड्याळ गेलं कुठं?"

"ते तुमी हुडकायचं, सायेब. तिनं न्हाई."

रागानं बोलले असते तर मी आवाज चढवला असता. ते अगदी हळू बोलले. मला खाली बघावं लागलं, आणि खाली टेबलावर तिचाच अर्ज होता. तिनंही तो पाहिला. गुन्ह्यात नाव आलं तर त्या कागदावर काय लिहावं लागेल, हे तिला कळत होतं आणि मलाही.

लेखनिकानं जबाब वाचून दाखवला. त्यानं लिहिलं होतं, घड्याळ ताटात ठेवले असावे. मुलगी म्हणाली, "असावे नाही. ठेवले, असं लिहा. आणि ते मीच काढलं, हेही लिहा." आयुष्यभर जबाब घेतले मी. खोटं बोलणारा माणूस जबाबात कुठंतरी पळवाट ठेवतो. ही पोरगी आपल्या हातानं पळवाट बुजवत होती. दिवस मावळायच्या आत मी दोघांना घरी जायला सांगितलं. ती खरं बोलते आहे, हे मला कळलं होतं. पण फौजदाराला कळून काय उपयोग? घड्याळ हातात नव्हतं, आणि वरून रोज फोन येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी गेलो. बायको शेजारी सवाष्ण म्हणून जेवून परत आली होती. तिनं पदरातली ओटी सुपात ओतली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! त्यांच्या करंड्याचं झाकण आलं की माझ्या ओटीत!"

"झाकण कसं येईल?" मी विचारलं.

"येणारच. ताटात असेल ते ओंजळीत येतं, ओंजळीतलं ओटीत. हळकुंड, सुपारी, खारीक, सगळं हाताला लागतच असतं, बघतंय कोण?" असं म्हणून ती झाकण द्यायला निघूनही गेली. मी जेवलोच नाही. तसाच हवालदाराला जीपमध्ये घेऊन विश्रामगृह गाठलं.

तिथल्या खानसाम्याची बायको स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी विचारलं, परदेशी बाईंच्या हातात गाठोडं होतं, ते त्यांनी नेलं का? तिनं पिठाच्या हातानंच खुंटीकडं बोट दाखवलं. गाठोडं होतं तसं टांगलेलं.

"जाताना मला देऊन गेल्या. खुणंनं म्हनल्या, तू घे. त्यास्नी काय म्हाईत? जिची ओटी तिनंच शिजवून खावी. म्या ठेवली जपून. म्हनलं, येतील परत."

मी हवालदाराकडं वळलो. चुलीतली राख उकरणारा, गोठ्यातलं शेण चिवडणारा माणूस.

"तू झडती घेतली होतीस ना इथली?"

"घेतली की सायेब."

"हे गाठोडं नाही दिसलं?"

"दिसलं. पर वटी हाय ती, सायेब," तो खरोखर ओशाळून म्हणाला. "परक्या बाईच्या वटीला हात कसा लावायचा?"

त्याच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तरी लावला असता का, कोण जाणे. आत्तासुद्धा गाठ सोडायला मी पुढं झालो, तर ती बाई आडवी आली. "ज्यांची हाय त्यांच्याच हातानं सोडा. मग तुमचा कागूद काय करायचा त्यो करा."

पुढं मी तेच केलं. नगरला फोन लावून बाईंना बोलावून घेतलं. मुलीला आणायला मात्र जीप पाठवली नाही. स्वतः तिच्या घरी गेलो, तिच्या वडिलांना विचारलं, बाईंशी बोलायला दुभाषी लागेल, पाठवता का? त्यांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि पायात चपला घातल्या. तेही आले.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चटई घातली. दोन पंच बसवले. बाईंनी टॉवेलाची गाठ सोडली. खण निघाला, नारळ निघाला, खाली तांदूळ. आम्ही सगळे वाकून बघत होतो आणि कुणालाच काही दिसत नव्हतं. मग बाईंनी तांदळात हात घातला आणि ते वर काढलं. पांढऱ्या तांदळात पांढरं घड्याळ, कोंडा लागून धुरकट झालेलं. डोळस माणसाला दोन हातांवरून दिसलं नाही, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या आजींना काय दिसणार होतं? त्यांच्या ओंजळीला ते सुपारी-खारकेसारखंच लागलं असेल. घड्याळ चालू होतं.

खानसाम्याच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. कंडक्टर भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं होतं.

बाई घड्याळ न पुसताच मुलीकडं बघत होत्या. मग त्यांनी तिला काही विचारलं. मुलीनं मला सांगितलं, "त्या विचारतात, माझ्या घड्याळापायी कुणाला त्रास झाला का?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "सांग त्यांना. या साहेबानं माझ्यावर संशय घेतला, मला जीपमधून ठाण्यात आणलं, आणि चूक त्याचीच होती. असंच सांग."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग बाईंकडं वळून ती शांतपणे इंग्रजीत बोलली. माझं इंग्रजी कच्चं खरं, पण एवढं मला कळत होतं. ती म्हणाली, नाही, त्रास कुणाला झाला नाही. तुमची वस्तू हरवली म्हणून सगळ्या गावाला वाईट वाटत होतं, आणि या साहेबांनी ती शोधण्यासाठी फार खटपट केली.

बाईंनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. तेवढी शिक्षा मला कुठल्याही वरिष्ठानं कधी दिली नाही.

गाडी गेल्यावर मी तिला विचारलं, "मी सांगितलं ते का नाही सांगितलंस?"

"त्या परवा विमानात बसतील, साहेब. त्यांच्या डोक्यात आपलं गाव कसं राहावं?" ती म्हणाली. "त्यांना काय सांगायचं ते मी ठरवलं. तुम्हाला मात्र विचारायचंय. घड्याळ सापडलं नसतं तर तुम्ही माझ्या कागदावर काय लिहिलं असतं?"

दाखला मी त्याच दिवशी सही करून, जीप पारापाशी थांबवून, सगळ्यांच्या देखत तिच्या वडिलांच्या हातात दिला, जमलेल्यांना खरं काय ते सांगितलं आणि तिची माफी मागितली. पण तो दाखला घड्याळ सापडल्यावरचा होता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत कुणाच्या चारित्र्याच्या कागदावर सही करायची वेळ आली, की मी आधी पेन खाली ठेवायचो आणि स्वतःला विचारायचो, या माणसाबद्दल मला खरंच काय माहीत आहे? बहुतेक वेळा काहीच माहीत नसायचं. मग मी उठून त्याच्या घरी जायचो.

ती मुलगी पुढं मुख्याध्यापिका झाली, असं ऐकलं. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तिला दिलेलं नाही. उत्तर मला ठाऊक आहे. मी तिच्याविरुद्धच लिहिलं असतं.