वड्या धरायचा चिमटा

पीएचडीला नाव नोंदवलं तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि कोपरगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. विषय मॉलिब्डेनम डायसल्फाइड. घडीच्या पोळीसारखा पदरापदरांचा पदार्थ, एकेक पदर जेमतेम तीन अणूंच्या जाडीचा. शुद्ध असताना तो लोहचुंबकाकडे ढुंकूनही बघत नाही. त्यात व्हॅनेडियम मिसळून चुंबकत्व हवं तितकं कमी-जास्त करता येतं, हे मला दाखवायचं होतं. वर्षं सरत गेली; आता मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. जमलं नाही तर नोंदणी रद्द.

त्याच सुमारास विभागात एक नवी प्राध्यापिका आली. एकोणतीस वर्षांची, पीएचडी झालेली, आणि काम याच पदार्थावर. भट्टी एकच, ती आम्ही पाळीनं वापरायचो. माझ्या पाळीला हमखास वीज जायची. तिच्या पाळीला कधीच नाही.

पावडरीच्या वड्या दाबून दोघींनी पुण्याला मोजायला पाठवल्या. निकाल एकाच दिवशी आले. तिचा आलेख जिन्यासारखा: व्हॅनेडियम वाढलं तसं चुंबकत्व वाढलेलं. माझे आकडे तिच्याहून मोठे, पण कशाचा कशाला मेळ नाही. काहीच न मिसळलेली वडीसुद्धा चुंबकाकडे ओढली जात होती.

तिचं खोटं ठरावं, एवढंच तेव्हा मला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या सहायकांसमोर मुद्दाम विचारलं, "वड्या कशानं धरल्या होत्यास गं? स्टीलचा चिमटा असेल तर लोखंडाचे कण लागतात. मग आलेख कितीही देखणा येतो."

"प्लास्टिकच्या चिमट्यानं, मॅडम."

"मीही प्लास्टिकच्याच."

सहायक कपाट पुसता पुसता थांबले. "तुमचा पलास्टिकचा दिवाळीतच वितळला की, मॅडम. तवापास्नं बेडकं फाडायचा ष्टीलचा चिमटा वापरतोय आपन. मी इचारलं हुतं, तुमी म्हनला, चालंल."

म्हटलं असेन. घाईत होते.

ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, पुढचे दोन आठवडे भट्टीची माझी पाळी तुम्ही घ्या. चिमटाही माझा न्या."

मी दोन्ही घेतलं. आभार मानले नाहीत. वड्या नव्यानं केल्या, पुन्हा मोजून आणल्या. या वेळी माझाही जिना आला, हुबेहूब तिच्यासारखा. नोंदणी वाचली.

तोवर तिचा शोधनिबंध छापून आला होता. म्हणजे हे माझ्या आधी कुणी दाखवलं, ते माझ्याच प्रबंधात लिहिणं आलं. पहिल्या मसुद्यात मी तिचं नाव तळटिपेत घातलं. दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी मार्गदर्शकांनी लाल पेनानं बाण काढून ते वर, पहिल्याच परिच्छेदात आणायला लावलं.

आणलं. प्रबंध देऊन टाकायचा होता.