छापखान्याच्या शिशाची गोळी

रानडुक्कर मामीच्या अंगावर आलं त्या सकाळी मी सोलापुरात होते. मामाचा फोन आला. त्याचं गाव सांगोल्याच्या पलीकडे. थोडी डाळिंबं, दोन गायी आणि त्या गायींसाठी ओढ्याकाठी लावलेला मका. मामी रोज उजाडताच मक्यात शिरून वैरण कापते. त्या दिवशी ताटांतून नर बाहेर आला आणि तिची साडी मांडीपासून खाली फाडत गेला. कातडीला सुळा लागला नाही.

"पुढच्या खेपेला साडीवर भागायचं न्हाय," मामा म्हणाला. "आन् वैरण तर रोजच लागतीया."

मामा सैन्यातून निवृत्त झालेला. पीक राखायच्या परवान्यावर त्याच्याकडे एक जुनी शिकारी रायफल होती, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालची कडी ओढायची, काडतूस सरकवायचं, कडी वर दाबायची. बोअर तीनशे पंधरा. हे माप मुळात युरोपातल्या कुठल्याशा जुन्या फौजेचं. गोऱ्या साहेबाला स्वतःच्या फौजेचं काडतूस इथल्या माणसाच्या हाती पडू द्यायचं नव्हतं, म्हणून परक्या फौजेचं माप आपल्या वाट्याला आलं आणि साहेब गेल्यावरही तेच राहिलं. यावर मी मामाला एकदा भाषण दिलं होतं. तो म्हणाला, "संपलं की सांग, मला नळी पुसायचीया."

मी तशीच वाढले आहे. माझे वडील, आप्पा, खिळे जुळवायचं काम करायचे. शिशाचं एकेक अक्षर, ज्याला छापखान्यात खिळा म्हणतात, ते उचलून ओळीत बसवायचं. गिरणी कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची पत्रकं त्यांच्या हातून निघाली. मला वाचायला आलं ते त्या पत्रकांवर. 'धिक्कार' हा शब्द मला 'धबधबा'च्या आधी येत होता. छापखाना बंद पडला, आई गेली, आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली खिळ्यांच्या पेट्या राहिल्या.

त्या नराला मारायची वनखात्याची परवानगी मामाने खेटे घालून मिळवली. पहिल्याच संधीला काडतूस उडालं नाही. नुसता टक् आवाज झाला आणि नर मान वर करून बघत राहिला. दुकानातला माल जुना होता, नवा कधी येईल ते दुकानदाराला सांगता येत नव्हतं. इकडे मामी रोज मक्यात जातच होती. तेव्हा मामाने काडतुसं घरीच भरायची ठरवली. हा गुन्हा आहे. मामाला ठाऊक होतं, आप्पांना ठाऊक होतं, मला तर कलमासकट ठाऊक होतं.

न उडालेल्या काडतुसांतली दारू त्याने काढून घेतली. ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोप्या कुठून आणल्या ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. गोळ्या त्याने जुन्या नळाच्या शिशातून ओतल्या. त्या मऊ होत्या. नळीच्या आट्यांत शिसं पुसलं जायचं आणि गोळ्या कुठल्या कुठे पडायच्या. मग तो सोलापूरला आमच्याकडे आला आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाला, "दाजी, तुमच्या खिळ्यांत काय काय असतंय?"

"शिसं, कथील, अँटिमनी," आप्पा म्हणाले. "दाबाखाली अक्षर चेपू नये म्हणून."

"मला तसलंच पायजे. न चेपणारं."

मी मध्ये पडले. "ज्या अक्षरांनी बोनस मागितला, त्यांच्या गोळ्या करायच्या?"

"चांगली अक्षरं कोण मागतंय? तुटकी दे. जोडाक्षरं दे, ती कुणाला वाचता येत्यात?"

आप्पा हसले नाहीत. त्यांनी वाकून स्वतःच पेटी ओढली. "तिकडे माणूस जाईल," ते मला म्हणाले. "इथं हे धूळ खातंय."

आप्पा पेटीबरोबरच गेले आणि मामाकडे राहिले. मी सुट्टीला जायचे तेव्हा दोघं गोठ्याशेजारच्या पडवीत बसलेले असत. मामा सोनाराच्या काट्यावर दारू तोलायचा, कण कमी, कण जास्त. आप्पा साच्यातून निघालेली गोळी उन्हात धरून फिरवायचे. ओळीतलं अर्ध्या केसाने तिरकं अक्षर ज्यांना दिसायचं, त्यांना गोळीतला बुडबुडा दिसायचाच. बुडबुड्याची गोळी परत कढईत. मामी म्हणायची, "दोघांनी मिळून एवढ्या मायेनं एकदा भाकऱ्या केल्या असत्या तर."

मुरमाच्या खाणीत त्यांनी फळी उभी केली होती. आप्पांनी उरलेली जुनी पत्रकं नेली होती. कोऱ्या बाजूला काळं वर्तुळ काढायचं आणि ते फळीवर ठोकायचं. हळूहळू गोळ्या जवळ येऊ लागल्या. वितीत आल्या, मग मुठीत. एके दिवशी पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. आप्पांनी तो कागद सोलापूरला आणून मला दाखवला. भोकं गोल, स्वच्छ, कडा न फाटलेल्या. कारखान्याच्या काडतुसालाही हे जमलं नव्हतं. आयुष्यभर ज्याची ओळ कधी वाकडी गेली नाही, त्या माणसाचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. मलाही आनंद झाला.

गोळी कुठे लागते, एवढंच आम्ही पाहत होतो. लागल्यावर ती काय करते, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही. मामाने फौजेत गोळ्या झाडल्या त्या फळीवर. शिकार त्याने कधी केली नव्हती. आप्पांचं तर सगळं आयुष्यच कागदावर गेलं. कागदावर जे बरोबर उमटलं ते बरोबर, अशी त्यांची खात्री होती.

नर दिसला तेव्हा मी तिथेच होते. दिवस मावळतीला आला होता. मामा पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या छपरावर पालथा पडला होता, आम्ही खाली भिंतीला टेकून. मक्याच्या कडेला जनावर आडवं उभं राहिलं. मामाने वेळ घेतला. आवाज झाला आणि जनावराच्या पलीकडे, बांधावर, मातीचा फुफाटा उडाला. नर एकदा दचकला आणि वळून मक्यात गेला. मामाने दुसरं काडतूस भरलं तेव्हा ताटं हलायची थांबली होती.

"चुकली?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय. खांद्यामागं. जितं ठेवली तितंच लागली."

"मग पडला का नाही?"

मामा छपरावरून उतरला आणि बघायला गेला. मक्याच्या तोंडाशी रक्ताचे मोजके थेंब होते.

घरी येऊन त्याने मामीला बजावलं, "उद्या मक्यात पाय ठिवायचा न्हाय."

"मग गायी काय तुमची काडतुसं खात्याल?"

"मी बघतो म्हनलं ना."

उजाडल्यावर मी वनखात्याला फोन लावला. उत्तर मिळालं की पथक दुसऱ्या तालुक्यात आहे, दुपारनंतर बघू, तोवर आत जाऊ नका. मी मामाला म्हटलं, "थांब. ही त्यांची जबाबदारी आहे."

"त्यांची असंल. गोळी माझी हाय." त्याने ओढ्याकडे हात केला. "वस्तीवरच्या बाया ह्याच वाटनं पाण्याला जात्यात. त्यांना काय सांगू, दुपारनंतर बघू?"

आप्पांनी त्याचा दंड धरला. "पाव्हणं, एकटे जाऊ नका."

"नेम तर बसतोय की आपला, दाजी," तो म्हणाला. एक काडतूस नळीत आणि एक बोटांत धरून तो मक्यात शिरला.

आम्ही बांधावर उभे होतो. ताटांचे शेंडे हलताना दिसत होते. मग बार झाला. त्यानंतर लगेच ताटं मोडल्याचा आवाज आला आणि मामाचा एकच आवाज, ज्याला शब्द नव्हता. आप्पा धावले. मी त्यांच्या मागे.

मामाची मांडी आतल्या बाजूने फाटली होती. आप्पांनी स्वतःचा सदरा काढून वर आवळला. नर दोन ओळी पलीकडे पडला होता, अजून पाय झाडत. म्हणजे दुसरी गोळीही त्याला लागली होती. लागल्यावरही तो मामापर्यंत पोचला होता. सांगोल्यात डॉक्टर म्हणाले, सोलापूरला हलवा. मंगळवेढ्याच्या अलीकडे गाडीत मामा गेला.

वनखात्याच्या गार्डने जनावर उलटं केलं. दोन गोळ्या, चार भोकं. आत गेल्याचं आणि बाहेर पडल्याचं भोक सारखंच, करंगळी जाईल एवढं. "दुकानच्या गोळीचं टोक मऊ असतं," तो म्हणाला. "आत जाऊन ती फुलते, जनावर जागीच बसतं. ही फुललीच नाही. फार कडक होती. कशाची होती?"



पंचनाम्याला आलेले हवालदार भले गृहस्थ होते. दारात तिरडी बांधली जात होती. ते हळू आवाजात म्हणाले, "परवान्याची काडतुसं होती, असं लिहितो. उगाच कशाला वाढवायचं?"

"नाही," आप्पा म्हणाले. "घरी भरलेली होती. गोळ्या मी ओतल्या. माझ्या खिळ्यांच्या."

मी त्यांना बाजूला ओढलं. "आप्पा, आत टाकतील तुम्हाला."

"टाकू देत. लिहून घ्या, साहेब. खिळ्यांच्या." आणि हवालदाराने शब्द चुकीचा लिहिला, तर तो त्यांनी दुरुस्त करायला लावला. सध्या ते जामिनावर आहेत. तारीख असली की सांगोल्याला जातात आणि दिवसभर व्हरांड्यात बसून परत येतात.

पंधरवड्याने माझे चळवळीतले सोबती गावात आले. पत्रकाचा मसुदा तयार होता. अर्धा मीच लिहिला होता. न उडणारं काडतूस, दुपारनंतर येणारं पथक, कष्टकऱ्याच्या जिवाबद्दलची बेफिकिरी. अंगणात मी तो मामीला वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"ह्यात दाजी कुटं हायत?"

"त्यांचं इथं काम नाही, मामी. सरकारला नेमकी तीच फट सापडेल."

"का न्हाय काम? दोगं महिनाभर खपत हुती की. माझ्यासाठीच खपत हुती." ती पदराने हात पुसत राहिली. "चांगली मानसं हुती आन् चूक झाली. असं छापत न्हाय का तुमच्यात?"

सोबत्यांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "नाही छापत."

ते पत्रक मी निघू दिलं नाही. माझं त्यावरून भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी तेच म्हणते. मामीला रोज जिवावर उदार होऊन वैरण कापावी लागते आणि तिच्या संरक्षणासाठी जुनं काडतूस आणि दुपारनंतरचं पथक, याला मी सरकार म्हणत नाही. पण आप्पांना वगळून ते म्हणायची सोय मला नको आहे. म्हणून हे लिहिलं.

रायफल पोलिसांकडे जमा आहे. ओढ्यात दुसरा कळप उतरला आहे. चिखलात पिल्लांचे पाय उमटलेले दिसतात. गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा मामी उजाडताच निघाली आणि मी तिच्या मागे. मक्याच्या तोंडाशी ती थांबली. काठीने ताटं बडवली, थांबून ऐकलं, मग चार ताटं कापली. पुन्हा बडवली, पुन्हा ऐकलं.

"मुक्यानं नगं उभी ऱ्हाऊ," ती मागे न बघता म्हणाली. "आवाज पायजे. काय बी बोल, मोठ्यानं बोल."

मी बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. ती ऐकत नव्हतीच, तिचं लक्ष ताटांकडे होतं. तिचा भारा बांधून होईपर्यंत मी बोलत राहिले.