रांगेतून मागे

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूची आठवण म्हणून पाळकसाहेब प्रत्येकाला भाकरीचा तुकडा देतात. उपस्थिती मोजून वहीत लिहिण्याचं काम माझ्याकडे. परवा एकसष्ट माणसं होती. भाकर घ्यायच्या रांगेत तिसऱ्या असलेल्या एस्तरबाई एकाएकी मागे फिरल्या आणि दाराजवळच्या बाकाशी गेल्या. तिथे रिबेकाबाई बसल्या होत्या.

ईस्टरच्या प्रीतिभोजनात एस्तरबाईंनी रिबेकाबाईंच्या रश्श्याला सगळ्यांदेखत पाणचट म्हटलं होतं. मनात राग ठेवून प्रभूची भाकर घेऊ नये, असं आम्ही मानतो. म्हणून चार महिने रिबेकाबाई पुढे आल्याच नव्हत्या.

“चल ग, रिबेका.”

“तू जा.”

“सगळ्यांपुढे बोलले, ते चुकलं माझं. माफ कर.”

“आणि रस्सा?”

“रस्सा पाणचटच होता. चर्चमध्ये खोटं कसं बोलू?”

साऱ्या जगावर प्रीती करता यावी, अशी प्रार्थना आम्ही दर रविवारी करतो. ती मला कधी जड गेली नाही. जग काही आमच्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही. जिच्या शेजारी बसून कांदे चिरायचे, तिच्यावर प्रीती करणं कठीण. आणि ते चारही महिने मी वहीत रिबेकाबाईंना नुसतं हजर धरलं होतं; पुढे या, असं एकदाही म्हटलं नव्हतं.

पाळकसाहेब ताटली घेऊन थांबले होते.

रिबेकाबाईंनी डोळे पुसले. “पुढच्या वेळी वाटण तू कर,” त्या म्हणाल्या.

“करते. ऊठ आता.”

त्या उठल्या.